गुऱ्हाळावरच्या काहिलीसाठी कुठला स्वस्त बोर्ड घ्यावा?

बांधावरचा_इंजिनिअर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. करवीर तालुक्यात आमचं घरचं गुऱ्हाळ आहे. कोल्हापुरी पद्धतीची एकच मोठी काहील (रस आटवायची पसरट कढई), खाली चुलवाणात चिपाडाचा जाळ. गूळ कधी उतरवायचा ते आमचे गुळवे मामा ठरवतात. थंड पाण्यात थेंब सोडतात, बोटांनी गोळी दाबून बघतात आणि ओरडतात, "घ्या!" चुकत नाहीत. पण मामांचं वय झालंय आणि त्यांच्या हाताखाली शिकायला कुणी यायला तयार नाही.

माझ्या डोक्यात असं आहे की आदण (काहिलीत रस आटवायची एक खेप) चालू असताना काहिलीतलं तापमान सतत नोंदवायचं. मामा जाळ कधी कमी करायला सांगतात, भेंडीचा रस कधी घालतात, कितीला उतरवतात, हे सगळं आलेखावर यावं. पुढे जमलं तर कॅमेरा लावून रंगही टिपायचा.

मी मेकॅनिकलचा डिप्लोमावाला. पायथॉन बऱ्यापैकी येतं, सोल्डरिंग कामापुरतं. सगळं मिळून तीन हजारांच्या आत बसवायचं आहे. रास्पबेरी पाय ५ (एका छोट्या बोर्डावरचा संगणक) चा चार जीबीवाला बघितला, एकट्या बोर्डातच बजेट संपतंय. ऑरेंज पाय स्वस्त दिसतोय. पाय झिरो २ डब्ल्यू पण यादीत आहे. कुठला घेऊ?

परिस्थिती: पत्र्याचं शेड, वाफ भरपूर, लाईट कधीही जाते, घरातलं वायफाय शेडपर्यंत कसंबसं पोचतं.

रंकाळा_वारा

आधी एक ढेप पाठव, मग बोर्ड सांगतो. काकवी पण चालेल.

शिरोली_सर्किट

भावा, बोर्डाचं नाव बाजूला ठेव. आधी काम किती आहे ते मोज.

एक आदण समज तीन तास चाललं. सेकंदाला एक नोंद घेतलीस तर १०,८०० नोंदी झाल्या. एका नोंदीला वेळ आणि तापमान धरून वीस बाइट लागतात. म्हणजे दोन लाख सोळा हजार बाइट. दिवसाला पाच आदणं झाली तरी एक एमबीच्या आसपास, आणि अख्खा हंगाम साध्या मेमरी कार्डाच्या एका कोपऱ्यात मावतो. आणि उकळता रस काही सेकंदाला दहा डिग्री उडी मारत नाही. पाणी उडेल तसा उत्कलनबिंदू हळूहळू चढतो, शेवटच्या काही मिनिटांत जरा वेगाने पळतो, एवढंच. याला २.४ गिगाहर्ट्झचे चार कोर कशाला?

पाय ५, ऑरेंज पाय, झिरो २ डब्ल्यू हे खरे संगणक आहेत. लिनक्स चालतं, कार्डावरून बूट होतात. तुझं काम मायक्रोकंट्रोलरचं, म्हणजे एकच प्रोग्रॅम चालवणाऱ्या साध्या चिपचं आहे. ईएसपी३२ घे. २४० मेगाहर्ट्झ, दोन कोर, ५२० केबी रॅम, वायफाय आणि ब्लूटूथ आतच. चारशे-पाचशेत मिळतो. मायक्रोपायथॉन (अशा चिपांसाठीचं छोटं पायथॉन) चालतं, त्यामुळे तुझं पायथॉन वाया जात नाही. लाईट गेली तर गेली, आली की दोन-तीन सेकंदांत परत नोंदी चालू.

आणि घरचं वायफाय पोचत नसेल तर नको पोचू दे. ईएसपी३२ स्वतःच हॉटस्पॉट होतो. फोन त्याला जोडायचा, ब्राउझरमध्ये पान उघडायचं, आलेख समोर.

नारिंगी

सगळे ईएसपी३२ च्या भजनाला बसण्याआधी माझंही ऐका. त्याने एसबीसी (एका बोर्डावरचा पूर्ण संगणक) विचारलाय. ऑरेंज पाय झिरो ३ बघ. ऑलविनरचा एच६१८, एक जीबीपासून चार जीबीपर्यंत रॅम, गिगाबिट इथरनेट. झिरो २ डब्ल्यूमध्ये ५१२ एमबी रॅम आहे आणि इथरनेट नाहीच. उद्या कॅमेरा, परवा डेटाबेस, तेरवा मामांच्या आवाजातल्या सूचना असं वाढत गेलं की ईएसपी३२ फेकून परत खरेदी करावी लागेल. एकदाच थोडा मोठा घेतलेला बरा.

आर्मबियन (अशा बोर्डांसाठीचं लिनक्स) टाकायचं, कंपनीच्या इमेजच्या नादी लागायचं नाही. माझ्याकडे घरच्या जाहिरातगाळणीसाठी असाच एक अखंड चालू आहे.

लालमुंगी

मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, दरवर्षी मुलांच्या प्रोजेक्टमध्ये हाच प्रश्न येतो. नारिंगी, तुमचा बोर्ड घरात, पंख्याखाली, इन्व्हर्टरवर आहे. गुऱ्हाळावर यातलं काही नाही.

ऑरेंज पाय वाईट नाही. किमतीच्या मानाने हार्डवेअर चांगलंच मिळतं. पण नवशिक्याला अडतं ते सॉफ्टवेअरवर. पायसाठी लिहिलेल्या जीपीआयओच्या (सेन्सर जोडायच्या पिनांच्या) लायब्ररी तिथे जशाच्या तशा चालत नाहीत, पिनांचे क्रमांक वेगळे, एसपीआय (चिपांशी बोलायची जोडणी) चालू करायला ओव्हरले नावाची सेटिंगची फाइल शोधावी लागते. ज्याला लिनक्सची सवय आहे त्याला एक संध्याकाळ पुरते. ज्याला नाही, त्याचा हंगाम जातो.

आता धागाकर्त्यासाठी. बोर्डाची किंमत म्हणजे सगळा खर्च नव्हे. झिरो २ डब्ल्यू ऑक्टोबर २०२१ मध्ये १५ डॉलरला आला, म्हणून तो स्वस्त म्हणायचा. पण त्याला मिनी एचडीएमआयचं कन्व्हर्टर लागतं, मायक्रो यूएसबीची ओटीजी केबल लागते, चांगलं कार्ड लागतं, धड ॲडॉप्टर लागतो. पिना सोल्डर केलेल्या नसतात, त्या वेगळ्या घ्याव्या लागतात. कॅमेऱ्याची पट्टी केबलसुद्धा पाय ४ पर्यंतच्या मोठ्या पायची चालत नाही, झिरोचं कनेक्टर अरुंद बावीस पिनांचं आहे. पाय ५ ला तर ५ व्होल्ट ५ अँपिअरचा ॲडॉप्टर सांगितलाय. साध्या चार्जरवर तो चालतो, पण यूएसबीचा प्रवाह आवळून धरतो.

शिवाय २०२५ च्या अखेरीस मेमरी चिपा महाग झाल्या आणि जास्त रॅमवाल्या पायच्या किमती चढल्या. जुन्या व्हिडिओत ऐकलेले आकडे धरून बजेट करू नका.

सगळ्यात मोठा मुद्दा लाईटचा. लिनक्स कार्डावर सतत काही ना काही लिहीत असतं आणि नेमकं लिहिताना वीज गेली की फाइल सिस्टिम बिघडू शकते. उपाय आहे. रास्पी-कॉन्फिगमध्ये (पायच्या सेटिंगच्या मेनूत) ओव्हरले फाइल सिस्टिम चालू केली की मूळ कार्ड फक्त वाचण्यापुरतं राहतं आणि नोंदी वेगळ्या पेनड्राइव्हवर टाकता येतात. पण हे सगळं करून शेवटी काय मोजणार, तर एक तापमान. तेव्हा मतदान करायचं तर माझं शिरोलीच्या बाजूने. फक्त मी पिको डब्ल्यू, रास्पबेरी पायवाल्यांचाच मायक्रोकंट्रोलर, सुचवेन. यूएसबी लावली, बटण दाबून धरलं, फाइल ओढून टाकली की मायक्रोपायथॉन तयार. कागदपत्रं इतकी नीट लिहिलेली दुसरीकडे सापडत नाहीत.

शिरोली_सर्किट

मॅडम, पिको डब्ल्यूला बाहेरचा अँटेना लावता येत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये बोर्ड डब्यात, डबा खांबाला, आणि मध्ये माणसं, भांडी. ईएसपी३२ चं '३२यू' नावाचं मॉड्यूल मिळतं, त्याला छोटं कनेक्टर असतं. अँटेना डब्याबाहेर काढता येतो. बाकी तुमचं सगळं मान्य.

बांधावरचा_इंजिनिअर

एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. सर्वांचे आभार.

कामाचं गणित पटलं. नारिंगी दादा, पुढे वाढवायचं झालं तर बघू, पण आता एकच हंगाम हातात आहे आणि घाणा चालू झाला की मला बोर्डाशी खेळायला वेळ मिळणार नाही.

सेन्सरसाठी माझ्याकडे डीएस१८बी२० (तापमानाची चिप) आहे, तो स्टीलच्या नळीतला, काळ्या वायरीचा. 'वॉटरप्रूफ' लिहिलंय. तोच बुडवला तर चालेल ना? तीनच वायरी, लायब्ररी तयार.

उद्यमनगरचा_म्हातारा

नको रे पोरा.

मी फाउंड्रीत मेंटेनन्सला उभा जन्म काढला. कंट्रोलर, पॅनेल, पायरोमीटर, सगळं हाताखालून गेलंय. तुमचे पाय-बीय मला कळत नाहीत, पण तापमान कळतं. एवढ्या प्रतिसादांत बोर्डावर भांडण झालं आणि काहिलीत काय बुडवायचं ते कुणी विचारलं नाही. आकडा तिथून येणार आहे!

तुझ्या त्या सेन्सरची हद्द सव्वाशे डिग्री. गूळ उतरतो एकशे पंधरा-अठराच्या घरात. म्हणजे तू त्याला रोज कड्यावर उभा करणार. आणि चिप तगली तरी वायर तगणार नाही. ती पीव्हीसी, शंभरच्या पुढं मऊ पडते. स्टीलच्या टोपणात भरलेला चिकटाही सुटतो. मग त्या गुळात काय काय उतरेल? लोकांच्या खाण्यातली वस्तू आहे ती.

आता पोरं लगेच सांगतील, के-टाइप थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांचा सेन्सर) लाव. मीही भट्टीला तेच लावत होतो. पण भट्टीत पाच-दहा डिग्री इकडं-तिकडं झालं तर लोखंडाला फरक पडत नाही. गुळाला दोन डिग्रीनं पडतो. थर्मोकपल डिग्रीला जेमतेम ४१ मायक्रोव्होल्ट देतं. दोन टोकांतला फरकच ते दाखवतं, म्हणून डब्याकडच्या टोकाचं तापमान वेगळं मोजून त्यात मिळवावं लागतं. तुझा डबा चुलवाणाशेजारी तापला की तिथंच घोळ सुरू. वर वायर वाढवायची तर त्याच जातीची कॉम्पेन्सेटिंग केबल पाहिजे. मध्ये तांब्याचा तुकडा जोडलास तर आकडा बदलला, आणि तुला कळणारही नाही.

सव्वाशेच्या आतल्या कामाला पीटी-१०० लाव. प्लॅटिनमचा रोध असतो, शून्याला १०० ओहम, शंभरला साडेअडतीसनं वाढतो. गूळ उतरताना तुला १४५ च्या आसपास दिसेल. तीन वायरींचा घे, म्हणजे वायरीचा स्वतःचा रोध वजा होतो आणि साधी तांब्याची केबल चालते. नळी स्टेनलेस ३१६ ची, वायर टेफ्लॉनची किंवा फायबर ग्लासची. इथं कोल्हापुरातल्या उद्यमनगरात सांगशील त्या लांबीची नळी करून देणारे आहेत. लांबी जास्तच सांग, टोक रसात आणि डोकं वाफेच्या बाहेर राहिलं पाहिजे. मळी काढताना झाऱ्याचा धक्का लागतो, तेव्हा काहिलीच्या कडेला पक्का क्लॅम्प कर. तळाला टेकवू नकोस, नाहीतर रसाचं सोडून पत्र्याचं तापमान मोजशील.

शिरोली_सर्किट

काका, शिरसाष्टांग. मी खरंच थर्मोकपलचं मॉड्यूल लिहायला घेतलं होतं.

धागाकर्त्या, पीटी-१०० साठी मॅक्स३१८६५ चं मॉड्यूल मिळतं, ते रोध वाचून बोर्डाला आकडा देतं. एसपीआयवर बोलतं, ३.३ व्होल्टवर चालतं. घेताना दोन गोष्टी बघ. त्यावरचा संदर्भ रोध ४३० ओहमचा पाहिजे. ४३०० वाला पीटी-१००० साठी असतो, दिसायला दोन्ही सारखे. आणि तीन वायरींसाठी त्याच्यावरचे जंपर सोल्डर करून बदलावे लागतात, बॉक्समधून येतो तो बहुतेक वेळा चार वायरींच्या मांडणीत असतो.

तरीही कुणाला थर्मोकपलच लावायचं असेल तर एक लक्षात ठेवा. टोक नळीला आतून जोडलेलं असेल आणि नळी काहिलीला टेकली, तर मॅक्स३१८५५ (थर्मोकपल वाचणारी चिप) जमिनीशी शॉर्ट असल्याचा दोष दाखवत बसतो. टोक विलग असलेलं घ्यावं. आणि मॅक्स६६७५ ला (त्याच कामाची दुसरी चिप) पाव सेकंदाच्या आत पुन्हा पुन्हा विचारलं तर त्याचं मोजणं दरवेळी नव्याने सुरू होतं आणि तोच तो आकडा परत येत राहतो. चिप खराब आहे म्हणून लोक फेकून देतात.

जुनंतेसोनं

बोर्ड कशाला विकत घेता? ऑफिसातून निघालेले थिन क्लायंट (छोटे पीसी) सेकंडहँड बाजारात पायच्या भावात येतात, खरा इंटेल-एएमडीचा प्रोसेसर, खरी एसएसडी.

लालमुंगी

आणि पीटी-१०० कुठे खुपसायचा? त्याला जीपीआयओ नाही. शेवटी यूएसबीला मायक्रोकंट्रोलर लावावाच लागेल. घरी सर्व्हर करायला मात्र ती उत्तम वस्तू आहे, त्यात शंका नाही.

तपकीरगल्ली

पुण्यातून लिहितोय, पण मूळचा कोल्हापूरच्या गंगावेशीतला, त्यामुळे बोलायचा हक्क आहे.

कॅमेऱ्याचा विषय राहिला. रंगावरून गूळ ओळखायचा असेल तर आधी उजेड बांधावा लागेल. सकाळी दारातून ऊन येतं, रात्री पिवळा दिवा, आणि कॅमेरा आपला आपोआप रंग सुधारत बसतो. व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर दोन्ही पक्कं करून ठेवल्याशिवाय दोन आदणांची तुलनाच होत नाही. त्यात काचेवर वाफ. हे काम लिनक्सवाल्या बोर्डाचं आहे, झिरो २ डब्ल्यू त्यासाठी पुढच्या वर्षी घे. लिनक्सची डेस्कटॉपवाली आवृत्ती टाकू नको, हलकी 'लाइट' आवृत्ती टाक, ५१२ एमबीत तीच नीट चालते. ईएसपी३२-कॅम नावाचा बोर्ड स्वस्तात दिसेल, दोन मेगापिक्सेलचा. मिनिटाला एक फोटो काढायला ठीक आहे. पण त्यावर यूएसबी नसते, प्रोग्रॅम घालायला वेगळा अडॅप्टर लागतो आणि शून्य क्रमांकाची पिन ग्राउंडला जोडून धरावी लागते.

खरेदीबद्दल. ईएसपी३२ च्या डेव्हलपमेंट बोर्डाच्या नकला इतक्या आहेत की अस्सल कुठली हा प्रश्नच उरत नाही. यूएसबीची चिप सीपी२१०२ आहे की सीएच३४० ते बघ आणि त्याप्रमाणे ड्रायव्हर टाक. संगणकाला बोर्ड दिसलाच नाही तर आधी केबल बदल, निम्म्या केबली फक्त चार्जिंगच्या असतात. अपलोड होताना ठिपक्यांवर ठिपके येत राहिले तर बूटचं बटण दाबून धर. आणि दोन बोर्ड घे. ऐन हंगामात एक गेला तर पार्सलची वाट बघत बसू नये.

बांधावरचा_इंजिनिअर

काकांनी डोळे उघडले. उद्यमनगरात शनिवारी जाऊन येतो.

ठरलं असं: ईएसपी३२ (३२यू, अँटेनावाला) दोन, मॅक्स३१८६५, तीन वायरींचा पीटी-१००, मेमरी कार्डाचं मॉड्यूल.

दोन शंका. इंटरनेट नसेल तर ईएसपी३२ ला वेळ कशी कळणार? आणि लाईट गेल्यावर पॉवर बँकेवर चालेल का? घरात दहा हजार एमएएचची पडून आहे.

लालमुंगी

वेळेसाठी डीएस३२३१ चं मॉड्यूल घ्या. तापमानाप्रमाणे स्वतःला सुधारून घेणारं घड्याळ आहे, महिन्याला काही सेकंदच चुकतं. त्या निळ्या मॉड्यूलवर बॅटरी चार्ज करायचं सर्किट असतं आणि आपण त्यात सीआर२०३२ घालतो, जी चार्ज होणारी नसते. पाच व्होल्टवर चालवणार असाल तर डायोडशेजारचा तो रोध उचकटून टाका. ३.३ व्होल्टवर चालवा म्हणजे तोही त्रास नको. हा प्रश्न पायलाही आहेच, पाय ५ च्या आधीच्या कुठल्याही पायवर घड्याळ नाही.

पॉवर बँकेचं गणित: दहा हजार एमएएच हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा. म्हणजे ३७ वॅट-तास, नुकसान वजा जाता हाताला तीस धरा. ईएसपी३२ वायफाय चालू ठेवून सरासरी अर्धा वॅट खातो असं मानलं तर साठ तास. मोठा पाय चार वॅट खात असेल तर साडेसात तास. पण काही पॉवर बँका एवढ्या कमी प्रवाहाला 'फोन भरला' असं समजून बंद पडतात, आणि काहींना चार्जिंग लागताना-सुटताना क्षणभर खंड पडतो. आधी घरी टेबलावर रात्रभर चालवून बघा.

पिना निवडताना: ६ ते ११ ला हात लावू नका, त्या आतल्या फ्लॅश मेमरीच्या आहेत. ३४ ते ३९ फक्त इनपुट. १२ क्रमांकाची पिन चालू होताना वर ओढलेली असली तर बोर्ड बूटच होत नाही, तीही मोकळी सोडा. आणि सिग्नलच्या एकाही पिनेवर पाच व्होल्ट कधीही नाही, ना ईएसपी३२ ला, ना पायला.

नारिंगी

ठीक आहे, तापमानापुरता मी माघार घेतो. पण नोंदी साठल्या की त्या बघायला, आदणांची तुलना करायला काहीतरी लागणारच. घरात एक ऑरेंज पाय ठेव, रात्री ईएसपी३२ कडून फाइल ओढून घेईल. माझं म्हणणं तेव्हा आठवेल.

बांधावरचा_इंजिनिअर

दादा, सध्या तरी कार्ड काढून लॅपटॉपला लावणार. पण कल्पना लिहून ठेवली.

रंकाळा_वारा

चेष्टा बाजूला. आलेख फोनवर येणार, फोन कुणाच्या हातात? तुझ्या. मामांना काय दिसणार? वाफेत, चिकट हातांनी ते फोन उघडणार आहेत का? "मामा, एकशे तेरा झालं" असं तू दर मिनिटाला ओरडत बसणार असशील तर मामा चौथ्या आदणाला तुलाच काहिलीत घालतील.

उद्यमनगरचा_म्हातारा

हा पहिल्यांदाच कामाचं बोलला.

पॅनेलवर आम्ही कायम मोठे लाल आकडे लावायचो. दहा फुटांवरून दिसले पाहिजेत. आणि मामांना आकडा दाखवायचा की नाही तेही ठरव. दाखवलास तर माणूस आकड्याकडं बघून गूळ उतरवायला लागतो. मग तू मामांची नोंद घेतोयस की यंत्राची? माझं ऐकशील तर पहिला महिना आकडा झाकून ठेव.

बांधावरचा_इंजिनिअर

काका, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. पहिला महिना नुसती नोंद. मामा "घ्या" म्हणाले की मी एक बटण दाबणार, त्या वेळेची खूण फाइलमध्ये पडेल. भेंडीला एक बटण, जाळ कमी करायला एक.

पुढच्या महिन्यासाठी मोठे आकडे कशाने दाखवू? ते छोटे निळे ओएलईडी पडदे वाफेत दिसणार नाहीत.

शिरोली_सर्किट

पी१० पॅनेल. दुकानांवर लाल अक्षरं पळतात ना, तेच. ३२ बाय १६ ठिपके, पाच व्होल्टवर चालतं, ईएसपी३२ साठी लायब्ररी तयार आहे. सगळे ठिपके पेटले तर दोन-तीन अँपिअर ओढतं. आकड्यांना तेवढं लागत नाही, तरी त्याला वेगळा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) दे, पॉवर बँकेवर टाकू नको. लाईट गेली तर आकडा जाईल, नोंद चालू राहील. ग्राउंड मात्र दोन्हीकडचं एकत्र जोड.

डबा आयपी६५ चा (धूळ-पाणी आत न जाणारा), वायरींना केबल ग्लँड (वायर घट्ट धरणारं बूच), ग्लँड डब्याच्या खालच्या बाजूला. वरून वायर आत घेतलीस तर वाफेचं पाणी तिच्यावरून ओघळत थेट बोर्डावर येतं.

लालमुंगी

आणि मुंग्या! रसाचे शिंतोडे उडणार, डबा कोमट असणार. ग्लँड घट्ट आवळा आणि उरलेली भोकं सिलिकॉनने बुजवा. माझं टोपणनाव बघून हसू नका, गांभीर्याने सांगतेय.

बांधावरचा_इंजिनिअर

उद्यमनगरात जाऊन आलो. पीटी-१०० नळीसकट तयार करून मिळाला, बोर्डही आले. पॅनेल धरूनही तीन हजारांत बसतंय. घरी जोडणी करून उकळत्या पाण्यात टाकला तर ९८ च्या जवळपास अडकतोय, पुढे जातच नाही. कोडमध्ये दोन डिग्री मिळवून टाकू का?

उद्यमनगरचा_म्हातारा

हात लावू नकोस! बरोबर दाखवतोय तो. शंभरला पाणी उकळतं ते समुद्रकाठी. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, इथं पाणी ९८ लाच उकळणार. बर्फाचं पाणी करून शून्य येतंय का तेवढं बघ. बर्फ चुरून घे, पाणी कमी ठेव, ढवळत राहा.

शिरोली_सर्किट

काकांचं पुढे नेतो. हाच फरक गुळालाही लागू. पुस्तकातला ११८ कुठल्या उंचीवर मोजलाय ते लिहिलेलं नसतं, आणि उंची वाढली की रसाचाही उत्कलनबिंदू खाली येतो. त्यामुळे ११८ ला घंटा वाजव असं कोडमध्ये लिहू नको. मामा कितीला "घ्या" म्हणतात तो आकडा आपला. फाइलमध्ये तापमानाबरोबर सेन्सरचा कच्चा रोधही लिहीत जा, पुढे कधी दुरुस्ती करायची झाली तर जुनी आदणं वाया जाणार नाहीत. ऊस कुठल्या जातीचा, कुठल्या रानातला हेही नावात टाक. आकड्यांबद्दल फारच शंका आली तर प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र कोल्हापुरातच आहे, तिथे फाइल घेऊन जा.

बांधावरचा_इंजिनिअर

बर्फात ०.३ आला. तो तसाच ठेवतो, वजा करत नाही, फाइलच्या पहिल्या ओळीत लिहून टाकतो. घाणा सोमवारी सुरू होतोय. पहिल्या आठवड्याचे आलेख इथेच टाकेन.

रंकाळा_वारा

ढेपेचं विसरू नको.